विहिरीची पातळी आणि खाणीचा पंप एकाच कागदावर आणा

प्रश्न वणी तालुक्यातल्या एका ग्रामपंचायत सदस्याचा आहे. त्यांच्या गावालगत कोळशाची भूमिगत खाण आहे. खाणीत छताला आधार म्हणून ठेवलेले कोळशाचे खांब काढायला सुरुवात झाल्यापासून, म्हणजे गेल्या दोन उन्हाळ्यांत, गावातल्या बहुतेक विहिरी मार्चमध्येच तळाला लागल्या. खाणवाले म्हणतात, पाऊस कमी झाला. पर्यावरण अहवालात लिहिलंय की खाणीच्या उपशाचा परिणाम ३८० मीटरपर्यंतच होईल, आणि गाव तर सव्वा किलोमीटरवर आहे. ते विचारतात, खरं काय हे ठरवायचं कसं?

मी गेली सत्तावीस वर्षं वर्धा खोऱ्यात आणि कामठी कोळसा पट्ट्यात भूजलाचं काम करतो. काही कामं खाणींसाठी केली, काही गावांसाठी. म्हणून आधीच सांगतो, तुमच्या विहिरी खाणीमुळेच आटल्या असं या पत्रावरून मी म्हणणार नाही. नाही आटल्या असंही म्हणणार नाही. पण ठरवता येतं, आणि गावाला स्वतःला बरंच ठरवता येतं.

सुरुवात त्या ३८० मीटरपासून करू, कारण हा आकडा कुठून येतो ते गावाला कधी कुणी सांगत नाही. सिचार्ट नावाचं एक जुनं सूत्र आहे. पाण्याची पातळी किती मीटर खाली ओढायची तो आकडा घ्यायचा, खडकाच्या जलवाहकतेच्या, म्हणजे खडकातून पाणी किती सहज वाहतं त्या आकड्याच्या, वर्गमुळानं गुणायचा आणि पुन्हा ३००० नं गुणायचा. ४० मीटर घसरण धरली आणि जलवाहकता सेकंदाला मीटरचा एक लाखावा भाग धरली, की उत्तर येतं ३७९ मीटर. तुमच्या अहवालातला आकडा बहुधा असाच आला असावा. आता हे सूत्र नीट पाहा. त्यात वेळ कुठेच नाही. पाया खणताना काही आठवडे पाणी उपसण्यासाठी ते बरं आहे. पण खाण वीस-पंचवीस वर्षं रात्रंदिवस उपसते.

त्याच खडकाचे तेच आकडे घेऊन वेळ धरणारं साधं सूत्र लावून बघा. पाणी देणाऱ्या थराची जाडी ४० मीटर आणि साठवणगुणांक, म्हणजे पातळी घसरल्यावर खडक त्याच्या आकारमानाच्या किती भाग पाणी सोडतो ते, ३ टक्के धरला, तर एका वर्षात परिणाम पोहोचतो जवळपास ९७० मीटरपर्यंत. वीस वर्षांत तो सव्वाचार किलोमीटरच्या पुढे जातो. या दुसऱ्या गणितात दरवर्षी पावसानं मुरणारं पाणी धरलेलं नाही, नदी-नाल्याची मदत धरलेली नाही, त्यामुळे सव्वाचार किलोमीटर हाही अंतिम आकडा नव्हे. खरं उत्तर या दोन्हींच्या मधे कुठेतरी असतं. पण ‘३८० मीटरच्या बाहेर काही होणार नाही’ हे वाक्य सूत्राला न झेपणारं ओझं त्याच्या डोक्यावर ठेवतं. जनसुनावणीत हा एक प्रश्न नक्की विचारा: हा आकडा किती वर्षांच्या उपशासाठी काढलाय?

आता खडकाकडे येऊ. तुमच्या भागात वरून खाली असं साधारण चित्र असतं: काळी माती, काही ठिकाणी बेसाल्टचा पातळ थर, त्याखाली कामठी थराचा लालसर-पिवळा सच्छिद्र वाळूखडक, त्याखाली बराकर थर, ज्यात कोळसा आहे, आणि सगळ्यात खाली तालचीरची शेल, जिच्यात पाणी फारसं नाही. कामठीचा वाळूखडक चांगला पाणी देतो, म्हणूनच तुमच्या आजोबांच्या विहिरी टिकल्या. बराकरच्या वाळूखडकातही पाणी असतं, पण दाबाखाली आणि खोलवर. खाण ते पाणी काढते. मग गावाच्या विहिरीचं पाणी आणि खाणीतलं पाणी एकच आहे की दोघांच्या मधे पाणी अडवणारी चिकणमातीची किंवा शेलची चादर आहे? चादर जाड आणि अखंड असेल, तर खाण वर्षानुवर्षं उपसेल आणि तुमच्या विहिरीला कळणारही नाही. चादर पातळ असेल, तुटक असेल किंवा फाटली असेल, तर गोष्ट वेगळी.

चादर फाटते ती खांब काढताना. भूमिगत खाणीत आधी बोगदे काढून मधे कोळशाचे खांब ठेवतात. त्या अवस्थेत छत खांबांवर टेकलेलं असतं, वरचा खडक बहुतांशी जागेवर असतो आणि पाणी येतं ते मुख्यतः आजूबाजूच्या थरांतून झिरपून. पुढे हे खांब काढत मागे यायचं, त्याला सगळे डिपिलरिंगच म्हणतात. मागे उरलेल्या पोकळीत, म्हणजे गोफमध्ये, छत कोसळू देतात किंवा वाळू भरतात. छत कोसळू दिलं, तर ढोबळमानानं काढलेल्या कोळशाच्या उंचीच्या तीन ते आठ पट उंचीपर्यंतचा खडक मोडून पडतो. त्याच्या वर, तीस-चाळीस पटींपर्यंत, खडक जागेवर राहतो पण त्यात भेगा पडतात. तीन मीटर कोळसा काढला तर भेगांचा पट्टा ९० ते १२० मीटर वर जाऊ शकतो. खाणीची खोली ८० मीटर असेल, तर पुढचं तुम्हीच ओळखा. खडक किती कडक, पॅनल, म्हणजे खांब काढायला आखलेला खाणीचा एक भाग, किती रुंद, वाळू भरली की नाही, यावर हे आकडे बरेच बदलतात. म्हणूनच तुमच्या पत्रातला ‘खांब काढायला सुरुवात झाल्यापासून’ हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. खाण कधी सुरू झाली यापेक्षा कोणत्या पॅनलमध्ये डिपिलरिंग कोणत्या महिन्यात सुरू झालं, ही तारीख मिळवा.

कागद कुठून मिळतात तेही सांगतो. पर्यावरण मंजुरी मिळालेल्या प्रकल्पाला दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अटींच्या पालनाचा सहामाही अहवाल द्यावा लागतो, आणि तो सार्वजनिक दस्तऐवज आहे. त्यात पाण्याच्या पातळीचे तक्ते असतात. भूजल उपसण्यासाठी केंद्रीय भूजल प्राधिकरणाची परवानगी लागते, तिच्या अटींत पाणी मोजण्याचे मीटर आणि निरीक्षण विहिरी येतात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा जिल्ह्यातल्या ठरलेल्या विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. तुमच्या गावात नसली, तरी शेजारच्या एखाद्या गावात अशी विहीर असेलच. तिची जुनी नोंद म्हणजे सोनं आहे, कारण ती खाणीच्या आधीपासूनची असू शकते. न मिळालेलं माहिती अधिकारात मागा. मागताना ‘सर्व माहिती द्या’ असं लिहू नका. अमुक निरीक्षण विहीर, अमुक वर्षापासून, महिनावार पातळी, असं नेमकं लिहा.

पंपाच्या नोंदीबद्दल जरा थांबून बोलतो, कारण माझ्या मते सगळा निकाल तिथे लागतो. खाणीच्या तळाशी संप, म्हणजे पाणी गोळा होण्याचे खड्डे, असतात. तिथून पंप पाणी वर फेकतात आणि पंप किती तास चालला याचं रजिस्टर असतं. तास गुणिले पंपाची क्षमता, हा झाला कागदावरचा उपसा. पण जुना, झिजलेला पंप पाटीवर लिहिलेल्या क्षमतेइतकं पाणी देत नाही. शिवाय गोफमध्ये वाळू भरायला जे पाणी खाली सोडतात तेच पुन्हा वर येतं आणि दोनदा मोजलं जातं. म्हणून खाणीच्या पाण्याच्या नालीवर इंग्रजी व्ही आकाराचा खाच असलेला बांध घालून प्रत्यक्ष प्रवाह मोजणं हा खरा मार्ग. तो आकडा हातात आला की एक साधं गणित करा. समजा खाण रोज ३००० घनमीटर, म्हणजे ३० लाख लिटर पाणी बाहेर टाकते. वर्षाचे झाले जवळपास ११ लाख घनमीटर. वर्षाला १००० मिलिमीटर पाऊस धरा. अशा वाळूखडकात पावसाच्या साधारण १२ टक्के पाणी मुरतं असं भूजल अंदाजाच्या सरकारी पद्धतीत धरतात. म्हणजे हेक्टरी १२०० घनमीटर. भागाकार केला की कळतं, ही खाण ९१२ हेक्टरांवर, सव्वादोन हजार एकरांवर मुरलेलं सगळं पाणी दरवर्षी बाहेर काढते. हे पाणी कुणाच्या तरी वाट्यातून आलंय. कुणाच्या, ते पुढे शोधायचं.

शोधायची पद्धत अशी. गावातल्या आठ-दहा विहिरी निवडा, सगळ्या एकाच बाजूच्या नकोत. खाणीपासून लांब, दुसऱ्या बाजूच्या, पण त्याच खडकातल्या आणि तशाच पीकपद्धतीच्या गावातल्या चार-पाच विहिरीही निवडा. विहिरीच्या कठड्यावर रंगानं एक ठिपका काढा आणि दर पंधरवड्याला त्याच ठिपक्यापासून टेपनं पातळी मोजा. मोटर बंद करून रात्रभर जाऊ द्या आणि सकाळी मोजा, नाहीतर तुमच्याच मोटरचा परिणाम खाणीच्या नावावर जमा होईल. तालुक्याच्या ठिकाणचा पाऊस लिहा. आणि खाणीचा महिन्याचा उपसा त्याच कागदावर लिहा. दोन्ही गावांत पाऊस सारखाच पडला, पण तुमच्या गावची पातळी त्यांच्यापेक्षा वेगळ्या वेगानं खाली जातेय आणि हा फरक डिपिलरिंगच्या महिन्यापासून सुरू होतो, असं कागदावर दिसलं, तर ‘पाऊस कमी झाला’ हे उत्तर टिकत नाही. दोन्ही गावं सारखीच खाली जात असतील, तर तेही मान्य करायची तयारी ठेवा.

असं घडलंय. एका गावात आम्ही दीड वर्ष मोजलं. गाव ठाम होतं, खाणच दोषी. कागदावर दिसलं ते असं: लांबच्या गावची पातळीही त्याच वेगानं खाली चालली होती, आणि दोन्ही गावांत त्या काळात मिरचीसाठी नवे बोअर झाले होते. ते सांगायला गेलो त्या दिवशी मला चहासुद्धा नको झाला होता, इतकं जड वाटत होतं. पण ते सांगितलं, म्हणूनच दुसऱ्या गावाचा कागद खाणीनं गांभीर्यानं घेतला.

त्या दुसऱ्या गावात पहिला पुरावा नाल्यानं दिला. म्हाताऱ्या माणसांना नाल्याबद्दल विचाराल तेव्हा महिन्यांत विचारू नका, सणांत विचारा. तिथे सगळे एकच सांगत होते, नाला पूर्वी संक्रांतीपर्यंत वाहायचा, कधीकधी होळीपर्यंत, आणि आता दिवाळीच्या आतच कोरडा. आठवण चुकू शकते, म्हणून पुढच्या पावसाळ्यात आम्ही नाल्याच्या काठानं चालत गेलो. जुलैत, मुसळधार पावसानंतर, एका वळणावर पाणी होतं आणि शंभरेक पावलांवर नव्हतं. मधे एक लांब भेग होती. पंपाचं रजिस्टर पाहिलं, तर पावसानंतर दोन दिवसांत पंपाचे तास जवळपास दुप्पट झाले होते. पावसाला इतक्या लवकर उत्तर देणारा पंप म्हणजे वरच्या पाण्याला खाणीत जायला सरळ रस्ता मिळालाय. झिरपून येणारं पाणी इतक्या घाईनं येत नाही. नंतर भेगेत चिकणमाती ठोकून भरली, नाला बऱ्यापैकी परत आला. विहिरी मात्र पूर्वीसारख्या झाल्या नाहीत.

भेगांबद्दल एक खबरदारी. काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतातच, हात घालता येईल इतक्या. त्या जाळीसारख्या असतात, सगळीकडे असतात आणि पहिल्या पावसात मिटतात. जमीन खचल्याच्या भेगा लांब, एका दिशेच्या असतात, पॅनलच्या कडेला समांतर धावतात, एक बाजू दुसरीपेक्षा बोट-दोन बोटं खाली असते आणि पाऊस पडून गेल्यावरही त्या राहतात. आपल्याकडे जमिनीवरचा ताण मीटरमागे ३ मिलिमीटरच्या आत राहील असा अंदाज बांधूनच डिपिलरिंगला परवानगी मागतात. अंदाज बरोबर ठरला की नाही हे जमीन सांगते. जूनआधी एकदा आणि ऑगस्टमध्ये एकदा पॅनलच्या वरून चालत जा, फोटो काढा, फोटोत मोजपट्टी ठेवा. आणि उथळ, जुन्या खाणींवर उभे राहताना काळजी घ्या. २०२२ च्या ऑगस्टमध्ये घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक अख्खं घर जमिनीत गेलं होतं, खाली जुनी बंद भूमिगत खाण होती.

पाण्याच्या गुणवत्तेत गाव हमखास चुकतं, म्हणून सविस्तर लिहितो. तुमच्या आणि चंद्रपूरच्या बाजूला काही गावांच्या पाण्यात फ्लोराईड निसर्गतःच जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. एखाद्या हातपंपात ते जास्त सापडलं आणि ‘खाणीनं विष कालवलं’ असं निवेदन दिलं, की समोरचा जुना अहवाल काढून दाखवतो आणि तुमची खरी तक्रारही खोटी ठरते. खाणीची खूण सहसा सल्फेटमध्ये दिसते. कोळशातल्या पायराइटला, म्हणजे लोह आणि गंधकाच्या खनिजाला, हवा लागली की सल्फेट वाढतं, सोबत लोह आणि पाण्याचा जडपणा वाढतो. आपल्या गोंडवाना कोळशात गंधक कमी असतं, त्यामुळे मेघालयात दिसतं तसं तांबडं आम्लधर्मी पाणी इथे सरसकट दिसत नाही, पण पायराइटचे पट्टे आहेत. नायट्रेट वाढलं तर आधी शेणखत, संडास आणि युरिया बघा, मग खाणीची स्फोटकं. विहिरीच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त आणि खाणीच्या पाण्यात सोडियम जास्त असेल, तर दोन्ही वेगळ्या थरांतली आहेत असा अंदाज येतो. वर्षागणिक खाणीचं पाणी विहिरीच्या पाण्यासारखं होत गेलं, तर वरचं पाणी खाली उतरतंय. हा बदल दिसायला किमान दोन वर्षांचे नमुने लागतात, एका नमुन्यावर काही ठरत नाही.

नुकसानभरपाई म्हणून खाणी शेताला पाणी देतात. चांगली गोष्ट आहे. नागपूर जिल्ह्यात पाटणसावंगीला तर खाणीचं पाणी शुद्ध करून बाटलीत भरलं गेलंय. पण शेतात घेण्याआधी पाण्यातलं अवशिष्ट सोडियम कार्बोनेट, म्हणजे जमीन चोपण करणारा क्षार, तपासून घ्या. लिटरला २.५ मिलिइक्विव्हॅलंटच्या वर असेल, तर काळ्या मातीला ते पाणी नको. पहिल्या वर्षी कापूस छान येतो, तिसऱ्या-चौथ्या वर्षी जमीन चिकट होते, पाणी मुरेनासं होतं आणि वाफसा येतच नाही. ती जमीन सुधारायला जिप्सम आणि बरीच वर्षं लागतात. तपासणीचा कागद बघितल्याशिवाय नाली शेतात वळवू देऊ नका.

आता पर्यावरण अहवाल लिहिणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंसाठी थोडं. एका हंगामाची, पावसाळा सोडून तीन महिन्यांची पातळी मोजून भूजलाचं मूळ चित्र तयार होत नाही. खाणीच्या दहा किलोमीटर परिसरातल्या विहिरी मोजतो, पण कोणती विहीर कोणत्या थरात आहे हे लिहीत नाही. मग त्या आकड्यांची सरासरी काढणं म्हणजे दूध आणि ताक एकाच मापात ओतणं. प्रत्येक जलधर थरासाठी स्वतंत्र निरीक्षण विहीर हवी, मधला थर सिमेंटनं बंद केलेली. चादर खरंच अडवते की नाही हे कळायचा तोच मार्ग आहे. मॉडफ्लोसारखं संगणक प्रारूप बनवायला हरकत नाही, बनवावंच. पण त्यात चादरीची जलवाहकता पुस्तकातून उचलून टाकली, तर रंगीत नकाशे मिळतील, उत्तर मिळणार नाही. आणि डिपिलरिंगनंतर चादरीचा तोच आकडा ठेवून चालवलेलं प्रारूप मी तरी मान्य करत नाही.

शेवटी खाण बंद झाल्यानंतरचं, कारण अहवालात त्याला जेमतेम एखादा परिच्छेद मिळतो. पंप थांबले की खाण भरू लागते, काही वर्षं लागतात. विहिरी काही प्रमाणात परत येतात, हे मी पाहिलंय. पण पहिल्यांदा वर येणारं पाणी गोफमधलं सगळं सल्फेट आणि लोह धुऊन आणतं, म्हणून त्या काळात पिण्याच्या विहिरी दर तीन महिन्यांनी तपासाव्या लागतात. भरलेली जुनी खाण शेजारच्या चालू खाणीसाठी टांगलेला तलाव असते. धनबादजवळच्या चासनाला खाणीत २७ डिसेंबर १९७५ रोजी पाणी घुसलं आणि ३७५ कामगार गेले. त्या पाण्याचे नकाशे आणि पातळी माहीत असणं जितकं वरच्या गावासाठी गरजेचं आहे, तितकंच खाली काम करणाऱ्यांसाठी. त्यांतले कितीतरी तुमच्याच गावचे आहेत.

तुमच्यासाठी तातडीचं काम एकच. येत्या मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातली पातळी मोजल्याशिवाय जाऊ देऊ नका, कारण पहिला पाऊस पडला की ती नोंद वर्षभर परत मिळत नाही. रंगाचा ठिपका, टेप, वही आणि दोन गावं. खाणीला एक पत्र द्या की महिनावार उपसा आणि पॅनलनिहाय डिपिलरिंगच्या तारखा हव्या आहेत, आणि त्याची पोच घ्या. पुढच्या वर्षीच्या मेनंतर तो कागद मला पाठवा, आपण सोबत बसून वाचू.